पंधरा सेकंदांची फ्रेम

"नवरा लिफ्टवाला आणि बायको जिने चढतेय," भावजय ताईच्या मानेमागे पुटपुटली. "तेही कशासाठी, तर चंद्राचं तोंड काळं होणार ते बघायला. तोंडं बघायची हौस असती तर ऑफिसातच थांबले नसते का?"

गच्चीचा लोखंडी जिना इतका अरुंद होता की एकामागे एक चढावं लागे, आणि मागच्याचं सगळं पुढच्याला ऐकू येई. ताईने ऐकलं आणि सोडून दिलं. तिच्या काखेत ट्रायपॉड होता, गळ्यात कॅमेरा होता आणि दातांत टॉर्च होती. उत्तर देण्यासारखी तिची अवस्थाच नव्हती. भावजयीकडे थर्मास होता, दोन उशा होत्या, आणि खांद्याच्या पर्समध्ये दोन फोन होते. एक तिचा स्वतःचा. दुसरा आईचा.

भाऊ आधीच वर येऊन उभा होता. याला घरात सगळे बारक्या म्हणत. सातव्या महिन्यात जन्मला तेव्हा पडलेलं नाव, आता नव्वद किलोंचा झाला तरी सुटलेलं नव्हतं. तिन्ही इमारतींच्या लिफ्टा त्याच्याच देखरेखीखाली असल्यामुळे वीजखोलीची किल्ली त्याच्या कमरेला असे. ताईसाठी म्हणून त्याने मधल्या अंगणातले सगळे दिवे बंद केले होते. कोणी विचारलंच तर दुरुस्ती चालू आहे म्हणायचं ठरलं होतं.

"दुरुस्ती," भावजय म्हणाली. "आपल्याकडे हल्ली सगळीकडे दुरुस्तीच चालू असते."

यावर कोणी हसलं नाही. ती स्वतःही नाही.

पूर्वेला, मागच्या इमारतीच्या डोक्यावर, चंद्र चांगला वर आला होता. भरलेला, पांढराफटक. ताई कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात तीस वर्षं काम करत होती, त्यामुळे पांढऱ्याच्या बावीस छटा तिला नंबरासकट पाठ होत्या. आकाशाचं वेड मात्र कोणी शिकवलेलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावल्यावर माणसाला वर बघावंसं वाटतं, एवढंच ती सांगे. वाचनालयातून पुस्तकं आणून, चुकत-माकत, शेकडो फोटो वाया घालवून ती शिकली. तिची अवजारंसुद्धा कारखान्यातलीच. कॅमेरा वर रोखलेला असला की त्याचा पडदा बघायला मान मोडते, म्हणून दातांच्या मागे धरतात तो लांब दांड्याचा छोटा गोल आरसा ती कॅमेऱ्याखाली धरायची आणि त्यात बघायची.

आजचा बेत तिने वर्षभर आधी आखला होता. कॅमेरा एका जागी पक्का करायचा, तो रात्रभर हलवायचा नाही. दर पाच मिनिटांनी एक फोटो घ्यायचा. नंतर सगळे फोटो एकावर एक चढवले की एकाच चित्रात चंद्रांची तिरपी रांग मिळते. खाली पूर्ण, मग खाल्लेले, मग लाल, आणि वर पुन्हा भरत गेलेले. आणि त्या रांगेला टेकू म्हणून खाली इमारत. बेत करताना ती इमारत कोणाची याने काही बिघडत नव्हतं. तेव्हा आई होती, आणि मागची इमारत म्हणजे नुसती आईबाबांची इमारत होती.

आता अकरा महिने ताईने त्या बाजूला कॅमेरा फिरवला नव्हता. पश्चिमेचे ग्रह टिपले, दक्षिणेचे तारे टिपले, एकदा तर ढगच टिपत बसली. पण चंद्राला कोण सांगणार की बाबा, आज दुसरीकडून उगव.

आठाला दहा कमी असताना चंद्राच्या डाव्या कडेला डाग पडला. ताईने पहिलं बटण दाबलं.

भावजय उशीवर टेकली, कॉफी ओतली आणि मूळ विषयावर आली. जिने ती त्यासाठीच चढली होती. सकाळी जेवताना बाबांनी सांगून टाकलं होतं, रविवारी मला तुमच्या आईकडे घेऊन चला. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. आज गुरुवार होता.

झालं होतं ते असं. अकरा महिन्यांपूर्वी बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आई तीन रात्री इस्पितळात त्यांच्या उशाशी बसून होती. चौथ्या दिवशी दुपारी ती अंघोळीसाठी घरी आली, चौथ्या मजल्यावर खिडकीतल्या आपल्या वेताच्या खुर्चीत जरा टेकली, आणि पुन्हा उठली नाही. डॉक्टर म्हणाले, यांना एवढ्यात सांगू नका, तीन-चार दिवस जाऊ देत. म्हणून तिघांनी मिळून आईला मावशीकडे पाठवलं. तिचे गुडघे धरलेत, तिकडे उपचार चालू आहेत. तीन-चार दिवसांचे आठवडे झाले. बाबा घरी आले तेव्हा त्यांना या पुढच्या इमारतीत, बारक्याकडे ठेवलं, कारण त्यांच्या स्वतःच्या घरात नळाचं काम काढलं होतं म्हणे. एवढ्या महिन्यांत एवढ्या नळकामात एखादं धरण बांधून झालं असतं. बाबा बंदरावर चाळीस वर्षं क्रेन चालवलेले. उंचावरून बारीक बघायची सवय असलेला माणूस. पण त्यांनी कधी चकार शब्द विचारला नाही, आणि ते विचारत नाहीत म्हणून यांनी सांगितलं नाही.

आणि मग फोन. आई बोलत का नाही, हा प्रश्न येण्याआधीच भावजयीने आईच्या फोनवरून बाबांना मेसेज पाठवायला सुरुवात केली. तिची नोकरीच ती होती. एका कंपनीच्या ग्राहकांना दिवसभर कंपनीच्या नावाने गोड उत्तरं लिहायची. पहिला मेसेज तिने घाबरत पाठवला होता: "जेवलात का?" बाबांचं डाव्या हाताने टाइप केलेलं उत्तर आलं: "हो." तेव्हापासून रोज. आईचा फोन रोज रात्री चार्जिंगला लागे, चौथ्या मजल्यावरच्या बंद दाराशी तिच्या चपला तशाच राहत, आणि भावजय स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून सासूबाई होई.

"मला आता नाही जमत, ताई," भावजय म्हणाली. "परवा मी त्यांना लिहिलं, तब्येत सांभाळा. आणि लिहिताना मला आईंसारखा खोकला आला. माझी मी दचकले."

बारक्याने कठड्याकडे तोंड केलं. त्याचं म्हणणं नेहमीचं होतं, सांगायला हवं. आणि सांगायचं ताईनेच, कारण थोरली ती, बाबांची लाडकी ती, आणि आईला पहिलं पाहिलं तेही तिनेच. हे सगळं अकरा महिन्यांपूर्वीच ठरलेलं होतं. ताईनेच 'मी सांगेन' म्हणून कबूल केलं होतं. त्यानंतर दर महिन्याला ती एकदा बाबांच्या पलंगाशी बसायची, त्यांची नखं कापायची, आणि परत यायची.

का परत यायची, हे मात्र या दोघांनाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी दुपार कलताना ताई याच गच्चीवर होती. संध्याकाळच्या शुक्रासाठी ट्रायपॉड लावून ठेवत होती. समोर चौथ्या मजल्यावर, उघड्या पडद्याच्या खिडकीत, तिला आई दिसली. खुर्चीत, मान जरा कलती. ताईला वाटलं, तीन रात्रींची जागी आहे, झोपलीय, झोपू दे. म्हणून ती गेली नाही. तब्बल दोन तास गेली नाही. शुक्राचा फोटो मात्र चांगला आला होता.

बाबांना सांगायचं म्हणजे कशी गेली ते सांगावं लागणार. आणि कशी ते सांगायचं म्हणजे ते दोन तास सांगावे लागणार.

"शनिवारी सांगते," ताई म्हणाली.

"नक्की?" भावजयीने विचारलं.

"सांगते म्हटलं ना."

तिने घड्याळ बघितलं आणि पुढचं बटण दाबलं.

चंद्र अर्ध्यावर आला तशी गच्ची बदलायला लागली. कठड्याच्या, टाकीच्या, तिघांच्या ज्या ठसठशीत सावल्या पडलेल्या होत्या, त्या आधी मऊ झाल्या, मग पातळ, मग कोणीतरी पुसून घ्याव्यात तशा नाहीशा झाल्या. दूरवर एक कुत्रं भुंकत होतं, तेही मध्येच थांबलं. आणि जिथे मघाशी नुसता पांढुरका उजेड होता तिथे एकेक तारा डोळे किलकिले करत बाहेर आला.

बोलणं नको म्हणून ताई भावजयीला कॅमेऱ्याचं समजावत राहिली. भरलेल्या चंद्राला सेकंदाचा अडीचशेवा हिस्सा पुरतो. एवढ्याशा वेळात इमारतीचं काहीच येत नाही, नुसता काळा ठिक्कर ठोकळा. पण चंद्र विझत जाईल तसा वेळ वाढवावा लागतो. पाव सेकंद, एक सेकंद, आणि पूर्ण झाकला गेला की चार सेकंद, आठ सेकंद. डोळा मिटायला इतका उशीर केला की कॅमेऱ्याला चंद्राबरोबर बाकीचंही दिसायला लागतं. आपल्याला दिसत नाही तेही.

"मग त्याला लवकर मिटायला लावा," भावजय म्हणाली आणि तिने शाल गळ्यापर्यंत ओढली.

नऊला पाच कमी असताना शेवटची पांढरी कड गेली. चंद्र लाल होतो असं पुस्तकात म्हणतात. हा लाल नव्हता. कवळीच्या हिरड्यांचा गुलाबी मसाला भट्टीत जास्त वेळ राहिला की जळून जो तपकिरी होतो, त्या रंगाचा होता. आणि गोल होता. इतकी वर्षं सपाट ताटली वाटणारा चंद्र एकाएकी चेंडूसारखा फुगीर दिसत होता, कशालाही न टांगलेला. बारक्याने वर बघितलं आणि नकळत डोक्यावर हात धरला.

ताईने चार सेकंदांचे चार फोटो घेतले. कॅमेऱ्याखाली गोल आरसा धरून पडदा बघितला. चंद्र बरोबर आला होता. खाली इमारत कोळशाने रेखाटल्यासारखी उमटली होती, खिडक्यांचे चौकोन मोजता येतील इतपत. बऱ्याच घरांत लोक दिवे घालवून बघत बसले असावेत. पाच मिनिटांनी तिने वेळ आठ सेकंद केला. या वेळी इमारत आणखी वर आली. गॅलऱ्यांचे गज आले. चौथ्या मजल्यावरची खिडकी आली.

त्या खिडकीचा पडदा उघडा होता.

तो पडदा ताईने स्वतःच्या हाताने ओढला होता, अकरा महिन्यांपूर्वी, आईला नेल्यावर. त्यानंतर त्या घराचं दार उघडलेलं नव्हतं. तिने आरसा शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा धरला. आरशात सगळं उलटं दिसतं, डावं उजवीकडे, त्यामुळे तिला आधी वाटलं आपण खिडकी मोजण्यात चुकलो. मग तिने आरसा ठेवला, गुडघ्यांवर बसली, मान वाकडी केली आणि चित्र मोठं करत नेलं. पडदा उघडाच होता. आत डावीकडच्या खुर्चीच्या जागी करडं काहीतरी होतं. गोणपाट टाकल्यासारखं. त्याच्या वरच्या टोकाला निळसर डाग.

डावीकडची खुर्ची आईची होती.

ताईने कॅमेऱ्याचा पडदा बंद केला. अंधारात कॅमेरा दाणे दाणे आणतो, हे तिला ठाऊक होतं. तापला की निळे डागही आणतो. तिने तसं मनाशी दोनदा म्हटलं. तिने समोर बघितलं. साध्या डोळ्यांना तिथे इमारतसुद्धा नव्हती, नुसती तारे नसलेली जागा होती.

"काय आलं?" बारक्याने विचारलं.

"चंद्र," ती म्हणाली.

पुढची फ्रेम. ताईने लगेच मोठी करून बघितली. खुर्ची रिकामी होती. तिच्या वेताची वीण दिसत होती, इतकी रिकामी. हायसं वाटायला हवं होतं, पण उलटंच झालं. दाणे एकदा आले की येतच राहतात. ते उठून जात नाहीत.

भावजयीच्या पर्समध्ये उजेड झाला.

अंधारात तो पर्सच्या शिवणीतून बाहेर आला, कंदिलासारखा. भावजयीने सवयीने हात घातला आणि आईचा फोन बाहेर काढला. वाचला. मग तो ताईपुढे धरला.

बाबांचा मेसेज होता. "तुझ्या खुर्चीतून गच्ची चांगली दिसते."

 बाबा सातला जेवले होते. साडेसातला गोळी घेऊन झोपले होते. भावजयीने स्वतः पांघरूण घातलं होतं, दार ओढून घेतलं होतं. बारक्या म्हणाला, झोपेत लिहिलं असेल. म्हणाला खरा, पण कठड्याशी जाऊन समोर बघायची त्याची हिंमत झाली नाही.

"उत्तर काय देऊ?" भावजयीने कुजबुजत विचारलं. तिच्या कंपनीत दोन मिनिटांच्या आत उत्तर गेलं नाही तर वरून विचारणा होते. तिचा अंगठा आपसूक अक्षरांवर फिरायला लागला होता. मग तिला कळलं आपण काय करतोय, आणि तिने फोन उलटा करून मांडीवर दाबला.

साडेनऊ झाले होते. ग्रहणाचा मध्य. बेताप्रमाणे या क्षणी एक वेगळा फोटो घ्यायचा होता, पंधरा सेकंदांचा, सगळ्या रांगेच्या पायाशी ठेवायचा, ज्यात इमारत आणि तारे स्वच्छ येतील. नाही घेतला तर वर्षभराचा बेत फुकट. ताईला आत्ता फोटोचं काहीएक पडलेलं नव्हतं. पण हाताला वळण लागलेलं असतं. हाताने वेळ लावला, हाताने बटण दाबलं.

पंधरा सेकंद किती लांब असतात हे ज्याने अंधारात उभं राहून मोजलेत त्यालाच कळेल. भावजय ओठांनी मोजत होती.  वर ते जळकं फळ लटकलेलं. समोर काहीच नाही.

शटर मिटलं.

या वेळी तिघांनी डोकी एकत्र करून बघितलं. इमारत पहाटेसारखी स्वच्छ आली होती. चौथ्या मजल्यावरची खिडकी आली होती, आणि खिडकीत शेजारी शेजारी दोन खुर्च्या, आणि दोन्ही खुर्च्यांत माणसं होती. दोघांचे चेहरे निळसर. दोघांतूनही मागची भिंत आरपार दिसत होती.

"दोघं आहेत," बारक्या म्हणाला. नव्वद किलोंचा माणूस, पण आवाज सातव्या महिन्यात जन्मलेल्या पोराचा.

भावजयीने त्याचा हात धरला, आणि तो तिने खूप घट्ट धरला असावा.

ताईला ठाऊक होतं. या असल्या फोटोत तिला सगळ्यात आधी हेच कळायला हवं होतं. माणूस पंधरापैकी सहा सेकंद एका जागी बसला आणि मग उठून दुसऱ्या जागी बसला, तर कॅमेऱ्यात तो दोन्हीकडे येतो, अर्धा अर्धा, पारदर्शक. उठण्याबसण्याची हालचाल तेवढी येत नाही. तिने ते दोघांना समजावून सांगितलं, शांतपणे, कारखान्यात नव्या मुलींना सांगते तसं. हातात पेटलेला फोन असणार, त्याचा उजेड चेहऱ्यावर. माणूस एकच आहे.

सांगताना तिच्या मानेवरचा काटा तसाच होता. एक आहे म्हणून कळल्याने तो बसला नाही.

"बाबा आहेत ते," ती म्हणाली. "दोन्हीकडे बाबाच आहेत."

तिघं जिना उतरले. लोखंडी पायऱ्या वाजत होत्या आणि या वेळी मागून कोणाचं पुटपुटणं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर बारक्याने आपलं दार उघडून बघितलं. पलंग रिकामा होता, पांघरूण नीट घडी केलेलं, एका हाताने करतात तशी तिरकी घडी. काठी नव्हती, आणि खुंटीवरची त्या बंद घराची किल्लीही नव्हती.

अंगणात मिट्ट काळोख होता, यांनीच केलेला. बारक्या दिवे लावायला वळला तेव्हा ताईने त्याची बाही ओढली. या अंगणातून त्या माणसाला एकट्याने जावं लागलं होतं, एक पाय फरपटत, आपण दिवे घालवलेल्या अंधारातून, आणि आपण वर बसून चंद्र मोजत होतो. आता उजेड करून जाणं तिला बरोबर वाटेना. चालताना भावजय पायांकडे बघत होती. नंतर तिने सांगितलं की सावली पडत नव्हती त्याचीच भीती वाटत होती, आपण आहोत की नाही असं.

मागच्या इमारतीची लिफ्ट चौथ्यावर थांबलेली होती. आकडा लाल जळत होता. बारक्याने बटण दाबलं, ती खाली आली, तिघं आत शिरले.  बारक्या फक्त एवढंच म्हणाला की दाराला तेल घालायला हवं.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बंद घराचा वास आला, कोंदट, थंड, आणि त्याच्या तळाशी आईच्या कपाटाचा. स्वयंपाकघरात कुठेही खणलेलं नव्हतं, फोडलेलं नव्हतं. ओट्यावर एक कप उपडा होता. ताई भिंतीला हात लावत खिडकीच्या खोलीत आली.

बाबा आईच्या खुर्चीत बसले होते. काठी मांडीवर आडवी. शेजारच्या खुर्चीवर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या खुर्चीवर, त्यांचा फोन होता, आणि त्याचा उजेड हळूहळू मावळत होता.

"दिवा लावू नका," ते म्हणाले. झटक्यानंतर त्यांचे शब्द ओले झाले होते, पण त्या खोलीत ते स्पष्ट ऐकू आले. "डोळे सरावलेत."

बारक्याने तोंड उघडलं, आणि अकरा महिन्यांच्या सवयीने जे यायचं तेच बाहेर आलं. बाबा, तुम्ही इकडे कसे, इकडे नळाचं काम...

"नळ मी उघडून बघितले," बाबा म्हणाले. "छान चालतात."

भावजय दाराशीच थांबली होती. बाबांनी मान तिच्याकडे वळवली आणि सूनबाई, ये, म्हणाले. मग सावकाश, मध्ये थांबत, ते सांगत गेले. इस्पितळात चौथ्या रात्री दोन नर्सची पाळी बदलत होती. त्यांच्या अंगावरून वाकून एकीने दुसरीला सांगितलं, यांची बायको आज गेली, यांना अजून सांगितलेलं नाही, सांभाळून बोल. झटका आलेल्याचे कानही जातात असं त्यांना वाटलं असेल. त्या रात्री बाबांना ना उठता येत होतं, ना बोलता. छताकडे बघत ते सकाळची वाट बघत राहिले, मुलं येतील आणि सांगतील म्हणून. मुलं आली. हसत आली. आई मावशीकडे गेली म्हणाली.

"मग मला वाटलं, तुम्हाला वेळ हवाय," बाबा म्हणाले. "दिला."

भावजय रडत होती, आवाज न करता. बाबांनी तिला जवळ बोलावलं. म्हणाले, तू रोज विचारायचीस जेवलात का. बावन्न वर्षांत तुझ्या सासूने कधी विचारलं नव्हतं. ती सरळ वाढायची. पण मला तुझं विचारणं आवडायचं, म्हणून उत्तर द्यायचो. आजचंही तुलाच लिहिलं. तिच्या नावाने लिहिलं, पण तुला. कोणीतरी यावं म्हणून.

भावजयीने पर्समधून आईचा फोन काढला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तो तिथे काळा पडून राहिला.

बाहेर समोरच्या गच्चीच्या कठड्यावर पांढुरकी कड उमटली; या इमारतीमागे चंद्र सुटायला लागला होता. पाचवी की सहावी फ्रेम चुकली होती. ताईला ते कळलं आणि त्याचं काही वाटलं नाही.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं तर..." बारक्या म्हणाला.

"माहीत असणं वेगळं," बाबा म्हणाले. "मला कोणी सांगितलेलं नाही. सांगितल्याशिवाय माणूस रडणार कसा? घरात सगळे म्हणतात ती गुडघ्यांवर उपचार घेतेय. मी एकट्याने रडलो तर मी वेडा."  त्यांचा चांगला हात काठीवर वरखाली होत होता. "आज तीनदा जागा बदलून बघितली. म्हटलं, माझ्या खुर्चीत रडू नाही येत, तर तिच्या खुर्चीत तरी येईल. नाही येत."

 समोरची भिंत उजळत गेली. तिच्यावरून परतून खोलीत अगदी बारीक उजेड आला, आणि त्या उजेडात ताईला बाबांचा चेहरा दिसला. आता तो एकच होता, आणि त्यातून मागचं काही दिसत नव्हतं.

"घुबडा," बाबा म्हणाले. लहानपणापासून रात्रीची जागते म्हणून तिला ते हेच म्हणत. "तू पहिलं पाहिलंस ना तिला? तू सांग."

ताई त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. तिने त्यांचा गेलेला उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, ज्याला काही कळत नाही असा हात, कारण दुसरा धरायचं तिला धाडस झालं नाही. बारक्या मागे उभा होता, भावजय मागे उभी होती. इतके महिने जे वाक्य तिने नखं कापताना गिळलं होतं ते छोटंसंच होतं. त्याच्या मागचं तेवढं मोठं होतं.

"आई गेली, बाबा," ताई म्हणाली. "तुम्ही बसलायत त्याच खुर्चीत. मी तिला समोरच्या गच्चीवरून बघितलं होतं. मला वाटलं झोपलीय. म्हटलं, झोपू दे. आणि मी दोन तास आले नाही."